दोनशे दहाशेजारी तीन खुणा

४ जानेवारी

मावशी,

लांबून नमस्कार करते, वाकल्याची कल्पना तू करून घे. फोनच केला असता, पण तुला फोनवर निम्मं ऐकू येतं आणि उरलेल्या निम्म्यावर तू रागावतेस, असं बाबा म्हणतात. म्हणून पत्र. माझं अक्षर अजून तसंच आहे, चष्मा लावून बस.

वीस मार्चला आईला जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी मला काही मोठं करायचं नाही. बाबा, आम्ही दोघं, शेजारच्या काकू, एवढेच. आणि टेबलावर मधोमध आईचा संत्र्याच्या सालीचा केक. तो नसेल तर नुसतं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायचं, आणि ते आम्ही वर्षभर केलंच आहे.

तिची निळी वही माझ्याकडे आहे. मैदा, साखर, अंडी, दोन संत्र्यांची साल, सगळं मापासकट लिहिलेलं. शेवटी 'दोनशे दहा, पंचावन्न मिनिटं'. मी अगदी शब्दाला शब्द लावून केलं. दोनदा केलं. दोन्ही वेळा वरून काळाठिक्कर आणि आतून लापशी. नवरा म्हणाला, वास तरी तोच आहे. मी त्याला स्वयंपाकघरातून हाकलून दिलं, पण खरं सांगू, वास तोच होता. त्या वासानेच मला रडू आलं. तुला आठवतं, ती बुटक्या स्टुलावर बसून साल किसायची, बोटांची टोकं पिवळी व्हायची, आणि केक आत असताना आम्ही घरात पळलो तर ओरडायची, "पाय आपटू नका, बसेल तो!"

वहीत एक गंमत आहे. त्या दोनशे दहाच्या शेजारी पेन्सिलने बरोबरच्या तीन खुणा आहेत, एकाखाली एक. दुसऱ्या कुठल्याच आकड्याशेजारी नाहीत. तुला काही माहीत आहे का?

आणि मुद्द्याचं. वीस तारखेला तू यावंस. तू आमच्याकडे यायची थांबलीस तेव्हा मी कॉलेजात होते. कारण मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आई गेल्यावर तुझं दोन ओळींचं पत्र आलं. ते बाबांनी जपून ठेवलंय, पण दोन ओळींवर माणसाचं भागत नाही गं. आईची सख्खी बहीण म्हणून तू एकटीच उरलीस. ये.

तुझी,
भुंगा
(हे नाव तूच ठेवलंस, आता निस्तर.)


१६ जानेवारी

चि. भुंग्यास,

पत्र पोचलं. अक्षर सुधारलेलं नाही.

माझे गुडघे दुखतात, प्रवास झेपत नाही. तेव्हा वीस तारखेचं मनात धरू नकोस.

केकबद्दल. वहीतल्या आकड्यावर फार विसंबू नकोस, याहून जास्त मी बोलणार नाही. खुणांबद्दल मला काही माहीत नाही. तुझा ओव्हन काय करतो ते मात्र तपासून बघता येईल. ओव्हनच्या बटणावर आकडा लिहिलेला असतो म्हणून आत तेवढी उष्णता असतेच असं नाही. चोवीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून काढली, त्यात एवढं नक्की शिकले.

ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर मिळतो, तो आण. तापाचा नको, वितळेल. काचेच्या नळीचाही नको, एकदा फुटला की सगळा ओव्हन धूत बसशील. वायर बाहेर लोंबणारे, टुंग टुंग वाजणारे असतात, तुला त्यांची गरज नाही. तबकडीचा घे, घड्याळासारखा, काटा असलेला. आकडे मोठे हवेत, म्हणजे दार न उघडता काचेतून वाचता येतील. दार उघडलंस की उष्णता बाहेर आणि वाचलेला आकडा फुकट. खाली उभा राहण्यासाठी पाय आणि वर अडकवायला आकडी, दोन्ही असलेला बघ. आणि एक नको, दोन घे, वेगवेगळ्या दुकानांतून. एक थर्मामीटर खोटं बोलू शकतो. दोन अनोळखी थर्मामीटर ठरवून एकच खोटं बोलत नाहीत.

मधल्या जाळीवर मधोमध ठेव, भिंतीला लागू देऊ नकोस. दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असं समजू नकोस, वर वीस मिनिटं थांब. ओव्हन एका आकड्यावर ठाम राहत नाही, वर जातो, खाली येतो. म्हणून दहा-दहा मिनिटांनी पाच वेळा वाच, लिहून काढ आणि मधला आकडा धर. लिहून काढ म्हणजे कागदावर, डोक्यात नाही.

भाऊजींना माझा नमस्कार सांग.

मावशी


२ फेब्रुवारी

मावशी,

गुडघ्यांचं खरं मानलं. म्हणजे मानल्यासारखं केलं.

थर्मामीटरची गोष्ट ऐक. केकच्या भांड्यांच्या दुकानातला माणूस मला वाजणाराच गळ्यात मारायला बघत होता. म्हणाला, "ताई, हा फोनशी पण जोडता येतो." मी म्हटलं, माझी मावशी फोनशी नीट बोलत नाही, थर्मामीटर काय बोलणार. त्याला काही कळलं नाही, पण त्याने तबकडीवाला काढून दिला. दुसरा हार्डवेअरच्या दुकानात खिळ्यांच्या डब्यामागे सापडला, धुळीने माखलेला. दोघांना शेजारी शेजारी ठेवलं. पाच वेळा वाचलं, कागदावर लिहिलं. दोन्ही काटे एका रेषेत, आणि माझा नवा ओव्हन अगदी सरळमार्गी निघाला. दोनशे दहावर दोनशे दहा. एकदा दोनशे पाच, एकदा दोनशे पंधरा, पण मधला दोनशे दहाच.

म्हणजे ओव्हन बरोबर, वही बरोबर आणि केक कोळसा. तेव्हा दोष माझ्याच हातात असं धरून मी दोन दिवस तोंड पाडून बसले.

मग रविवारी बाबांकडे गेले. आईचा ओव्हन अजून तिथेच आहे, खिडकीखालच्या ओट्यावर, क्रीम रंगाचा, दाराचा एक कोपरा टवका उडालेला. बाबा त्याच्यावर वर्तमानपत्रं ठेवतात. वर्षभरात कुणी लावला नव्हता. माझ्या पिशवीत थर्मामीटर होतेच. वर्तमानपत्रं उचलली, आत दोन्ही ठेवले, बटण दोनशे दहावर फिरवलं आणि बाबा आणि मी खुर्च्या ओढून काचेसमोर बसलो. बाबा म्हणाले, "तुझी आई अशीच बसायची, फक्त तिला मी जवळ बसलेला चालायचो नाही."

मावशी, काटा एकशे ऐंशीवर थांबला. पाचही वेळा. बटण दोनशे दहा म्हणतं आणि आत एकशे ऐंशी! दीडशेवर लावलं, तर आत एकशे वीस. आईचे सगळेच्या सगळे आकडे तीसने चढे आहेत. बिचारीने आयुष्यभर त्या बटणाशी जुळवून घेत केक केले आणि ते बटण जे म्हणालं ते वहीत लिहिलं. तिला पत्ताच नव्हता!

घरी येऊन माझ्या ओव्हनवर एकशे ऐंशी लावले, पंचावन्न मिनिटं. जमला. मधे थोडीशी भेग, आईच्याला पडायची तशीच. एक तुकडा बाबांना नेऊन दिला. त्यांनी तो शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. मग म्हणाले, "हे तुझ्या मावशीला कळव. आजच कळव." का, ते सांगेनात. खुणांचं विचारलं तर म्हणाले, आधी तिचं उत्तर येऊ दे.

तर कळवलं. तुझ्या दोन थर्मामीटरमुळे आईचा केक परत आला. आता तरी ये.

भुंगा


२४ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,

तीन आठवडे उत्तर दिलं नाही. आजारी नव्हते. रोज लिहायला बसत होते आणि रोज फाडत होते.

तुला कारण कुणी सांगितलं नाही म्हणतेस, मी सांगते. एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या शाळेच्या मोठ्या बाई निवृत्त व्हायच्या होत्या. दोनशे माणसांचा समारंभ. तेव्हा माझ्या डोक्यात नोकरी सोडून केकचं छोटं दुकान काढायचं होतं, मैत्रीण भागीदार व्हायला तयार होती. या समारंभाचा केक मी करते असं मी सगळ्यांसमोर सांगितलं. ताईला पत्र लिहून तिची कृती मागितली. तोवर तिने ती कुणाला दिली नव्हती. तिला तिच्या केकची फार मिजास होती, आम्हा दोघींत तेवढं एकच फक्त तिचं आहे, असं ती मानायची. तरी दिली. वहीतल्या पानाची जशीच्या तशी नक्कल करून.

वसतिगृहाचा मोठा ओव्हन मला त्याच सकाळी मिळाला, आधी एक छोटा करून बघायला वेळ नव्हता. पण मी बावळट नव्हते. प्रयोगशाळेतला थर्मामीटर आत ठेवून ओव्हन तपासला. बरोबर होता. मग दोनशे दहावर सहा केक लावले.

सहाही जळाले. वरून काळे, आतून लापशी, तुझेच शब्द. मी ते कापून, क्रीम लावून टेबलावर मांडले, काय करणार. जीवशास्त्राच्या बाईंनी चमच्याने आतलं उकरून बघितलं आणि म्हणाल्या, हे जिवंत आहे का? सगळे हसले. मैत्रिणीने नंतर दुकानाचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. त्यानंतर मी कधीही ओव्हन लावलेला नाही.

मी ताईला विचारलं, चुकीचा आकडा दिलास का? तिचं एका ओळीचं उत्तर आलं. 'मी करते तोच आकडा दिला, तुझा हात चुकला असेल.' माझा ओव्हन मी तपासला होता, माझं माप मी तपासलं होतं. म्हणजे ती खोटं बोलत होती, असा मी हिशेब मांडला. तिने मला मुद्दाम तोंडघशी पाडलं असं धरून मी एकोणीस वर्षं बसले. ती आजारी आहे म्हणून भाऊजींचं पत्र आलं तेव्हाही माझे गुडघे दुखत होते. तुला जे सांगितलं तेच त्यांनाही सांगितलं.

मुलांना मी प्रयोगशाळेत सांगायचे, उत्तर चुकलं तर आधी सगळी उपकरणं तपासा, मग माणसावर शंका घ्या. मी फक्त माझं उपकरण तपासलं. तिचंही तपासायला हवं हे एकदाही डोक्यात आलं नाही.

आता एक काम कर. कुणा दुरुस्तीवाल्याकडून तो ओव्हन उघडून घे. विशेषतः बटण. बटणाच्या आत काय आहे ते बघून मला लिही. का, ते विचारू नकोस.

मावशी


३ मार्च

मावशी,

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. राग येऊ देऊ नकोस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि मगच खुणांचं सांगितलं.

तुझं 'चुकीचा आकडा दिलास का' आलं, तेव्हा आईने तुला ती एक ओळ लिहिली आणि टपालपेटीत टाकली. मग दुसऱ्या दिवशी केक केला. वहीत बघून, एकेक माप मोजून, दोनशे दहावर. झकास झाला. तिने पेन्सिलने खूण केली. तिसऱ्या दिवशी परत. चौथ्या दिवशी परत. बाबा म्हणतात, तीन दिवस सकाळ-संध्याकाळ केकच खाल्ला. तिसरा केक ओव्हनमधून काढून तिने ओट्यावर ठेवला आणि तिथेच उभी राहून रडली. म्हणाली, "बरोबर आहे हो. मी तिला बरोबरच दिलंय. मग ती मला असं कसं विचारू शकते?" बाबा म्हणाले, तिला लिही की तीनदा करून पाहिला. आई म्हणाली, "मी का पुरावे देऊ?" दोघी बहिणी एकाच मातीच्या, मावशी. त्या तीन खुणा तुझ्यासाठी होत्या आणि तुला दाखवायच्या नव्हत्या.

आता बटण. आपल्या गल्लीच्या टोकाला मिक्सर-इस्त्र्या दुरुस्त करणारे आजोबा बसतात, त्यांना घरी आणलं. त्यांनी बटण ओढून काढलं आणि हसायलाच लागले. म्हणाले, "ही कुणाची कारागिरी?" बटणाचं आतलं प्लास्टिक तडकलेलं होतं. ते दांड्यावर सैल फिरू नये म्हणून फटीत आगपेटीच्या काडीचा तुकडा ठोकलेला, आणि वर चिकटवायला काहीतरी लाल, कडक. आजोबांनी नखाने खरवडून वास घेतला. "नेलपॉलिश आहे," म्हणाले. काडी तिरकी बसल्यामुळे बटणाची खूण तीसने सरकलेली. काडी काढून त्यांनी बशीत ठेवली आणि म्हणाले, पाच मिनिटांचं काम, नवं बटण बसवतो, आकडे खरे होतील.

बाबांना विचारलं तर म्हणाले, ओव्हन आईच्या माहेरून आला तेव्हापासून बटण त्यांनी उघडलेलं नाही. आईने तर नेलपॉलिश जन्मात लावलं नाही.

नवं बसवून घेऊ का?

भुंगा


९ मार्च

भुंग्या,

लाल माझं होतं.

मी अठरा वर्षांची होते, ताईचं लग्न ठरलं होतं. ओव्हन तिच्याबरोबर जायचा होता, आमच्या आईने तिला तो द्यायचं कबूल केलं होतं. मला त्याचा राग आला होता, हेही लिहून टाकते, म्हणजे काही राहायला नको. पाठवायच्या आधी तो घासून पुसून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. बटण निघत नव्हतं, मी चमच्याने उचकटलं आणि तडकवलं. आईला कळलं असतं तर तिने सासरी जाणाऱ्या लेकीची वस्तू मी द्वेषाने मोडली असंच म्हटलं असतं. आणि ते थोडंसं खरंही असतं. म्हणून दार लावून काडी ठोकली, वर नेलपॉलिश ओतलं. खूण कुठे येते ते बघितलंच नाही. फिरतंय ना, मग झालं. ताईने बाहेरून विचारलं, "एवढा वेळ काय करतेस गं?" मी म्हटलं, चकाचक करतेय तुझा ओव्हन.

पुढे मी शिकायला बाहेर पडले आणि ही गोष्ट साफ विसरले. आकडे तीसने चढे आहेत हे तुझं पत्र आलं त्या दिवशी आठवली. तरी वाटत होतं, काडी नसेल, दुसरं काहीतरी असेल.

तिने मला खोटा आकडा दिला नाही. मी तिला खोटं बटण दिलं होतं. त्या बटणावर ती बिचारी पहिल्या वर्षी किती केक कच्चे काढत असेल, आकडा पाचपाचने वाढवत बसली असेल, आणि आपलाच हात बसत नाही असं समजत असेल. मग जमला, तो आकडा तिने जपून लिहिला, मी मागितला तेव्हा मला दिला. आणि मी तिला खोटारडी म्हटलं.

वीस तारखेला मी कुठल्या तोंडाने येऊ ते तूच सांग. भाऊजींना हे पत्र वाचून दाखव. मग ठरवा.

मावशी


१३ मार्च

मावशी,

खोटं कशाला बोलू, पत्र वाचून मी एक अख्खा दिवस तुझ्यावर चिडले होते. बटणासाठी नाही. अठरा वर्षांच्या मुलीने बटण तडकवलं तर तडकवलं. त्या गुडघ्यांसाठी चिडले. शेवटच्या महिन्यात आई दाराची घंटा वाजली की मान वळवायची. हे तुला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण तू सगळं लिहून टाकलंस, मग मीही लिहिते.

दुसऱ्या दिवशी बाबांना वाचून दाखवलं. मला वाटलं, ते रागावतील. ते काडी ठेवलेली बशी घेऊन बसले, ती काडी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "म्हणजे चाळीस वर्षं ही तिच्या स्वयंपाकघरात होती तर. तुझी मावशी आली नव्हती असं कसं म्हणायचं?" मग मला म्हणाले, आजोबांना बोलाव.

नवं बटण बसवलं नाही, मावशी. काडी होती तशीच, होती तिथेच परत ठोकून घेतली. आजोबांनी मला वेड्यात काढलं. पण आईची सगळी वही त्या बटणाच्या हिशेबाने लिहिलेली आहे. बटण सरळ केलं तर वहीतला प्रत्येक आकडा चुकीचा ठरेल आणि ते मला चालणार नाही. नेलपॉलिश मात्र उडालंय. ते लावायला माणूस हवं. लाल बाटली आणून ठेवली आहे.

बाबांचा निरोप: प्रश्न तोंडाचा नाही, गुडघ्यांचा असेल तर स्टँडवर मी घ्यायला येतो.

भुंगा


१६ मार्च

भुंग्या,

एकोणीसला दुपारच्या बसने येते. भाऊजींना स्टँडवर उन्हात उभं करू नकोस, मी रिक्षा करीन.

संत्री मी आणते, तू पातळ सालीची घेऊन बसशील. बुटकं स्टूल अजून असेल तर काढून ठेव, साल मी किसणार. केक तुझ्या नव्या ओव्हनवर नाही, तिच्याच ओव्हनवर करायचा. दोन्ही थर्मामीटर डब्यात घालून कपाटात ठेव, ते लागणार नाहीत.

बटण दोनशे दहावर लाव. ताईने लिहिलंय ते बरोबर आहे.

मावशी